चालू, बंद आणि भाऊजी

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ : सेलू, भाऊजींच्या घराची मागची खोली. हजर : भाऊजी, जाऊबाई, मी आणि सात संगणक, पैकी चालू चार. गैरहजर कुणी नाही, कारण त्या खोलीत चौथ्या माणसाला बसायला जागाच नाही.

परभणी जिल्ह्यात साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर न देणारी माणसं पुष्कळ आहेत. पण साध्या प्रश्नाला तीन उत्तरं देऊन तिन्ही खरी ठरवणारा माणूस एकच, आणि तो माझा चुलतदीर आहे. "भाऊजी, जेवलात का?" असं मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "कोणत्या हिशोबानं? सकाळच्या हिशोबानं जेवलोय. दुपारच्या हिशोबानं न्हाई. चतुर्थीच्या हिशोबानं जेवायचंच न्हाई." मी ताट वाढू की नको, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या घरात पंख्याला तीन बटणं आहेत आणि प्रत्येकाखाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'लाईट असताना', 'लाईट गेल्यावर', 'लाईट येण्याची शक्यता असताना'. पाहुणे घामाघूम होऊन चिठ्ठ्या वाचत उभे राहतात. माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न चुडाव्याला होतं, तेव्हा पत्रिकेसोबत वाटायला रस्त्याची माहिती लिहून देण्याचं काम आम्ही त्यांच्यावर सोपवलं. चार ओळी पुरल्या असत्या. त्यांनी रेल्वेनं येणाऱ्यांसाठी एक, पूर्णेकडून मोटारसायकलनं येणाऱ्यांसाठी दुसरी, नांदेडकडून जीपनं येणाऱ्यांसाठी तिसरी, अशा वेगवेगळ्या सूचना काढल्या, आणि सर्वांत शेवटी लिहिलं, 'ट्रॅक्टरनं येणाऱ्यांनी ट्रॉली शाळेच्या मागे लावावी.' मी म्हटलं, "भाऊजी, लग्नाला ट्रॅक्टरनं कोण येणार आहे?" तर म्हणाले, "आला एखादा, तर बिचाऱ्यानं जावं कुठं?" कुणी आलं नाही. दुसरी पंगत उठेपर्यंत भाऊजी मात्र शाळेच्या मागे उभे होते.

पोटापाण्यासाठी ते सेलूच्या जिनिंगवाल्यांचे संगणक दुरुस्त करतात. जीव मात्र दुसऱ्याच ठिकाणी आहे. जगभरची काही माणसं मिळून एक लायब्ररी सांभाळतात. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयता बसवावा असा तयार भाग, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. ही इव्हेंट लूपची लायब्ररी आहे. म्हणजे काय, हे त्यांनी मला निदान सहा वेळा समजावलं आहे.

"वैनी, तुमच्या शाळेत शिपाई किती?"

"एक."

"खोल्या?"

"चौदा."

"मग तो काय दर खोलीत डोकावून 'काही काम हाय का' असं इचारत फिरतो?"

"नाही. स्टुलावर बसतो. ज्या खोलीची घंटी वाजेल तिकडं जातो."

"झालं की! हाच इव्हेंट लूप. लय सोपं हाय."

इथपर्यंत मला कळतं. पुढं ते सांगतात की प्रत्येक यंत्राची घंटी वेगळी. लिनक्सची एक तऱ्हा, मॅकची दुसरी, आणि विंडोजमध्ये घंटी काम झाल्यावर वाजते. काम झाल्यावर वाजवून शिपायाला काय फायदा, असं विचारलं की म्हणतात, "त्यांचा शिरस्ताच तसा हाय." काही जुन्या यंत्रांत तर घंटीच नाही, तिथं शिपायाला दारोदार फिरावंच लागतं. लायब्ररी एकच, पण ती ज्या यंत्रासाठी तयार करायची त्याची घंटी कोणती, हे आधी सांगावं लागतं. ते सांगण्याची एक फाईल असते, तिच्या दर ओळीत एक ऑप्शन, म्हणजे चालू-बंद करायचं एक बटणच. गेली वीसेक वर्षं ती फाईल भाऊजींकडे आहे. तिचा एक पैसा मिळत नाही, आणि सेलूत ती त्यांच्याकडे आहे हे कुणाला ठाऊकही नाही.

यंदा त्या लायब्ररीत नवी मंडळी आली. त्यांनी भाऊजींना अदबीनं कळवलं, की फाईल फार लांब झाली आहे, निम्मे ऑप्शन कशासाठी आहेत ते आम्हांला कळत नाही. महिनाअखेरपर्यंत छाटून द्या, नाहीतर आम्ही नवी लिहून घेऊ. भाऊजींनी दहा दिवस काही छाटलं नाही. उलट तीन ओळी वाढल्या. शेवटी जाऊबाईंचा मला फोन आला. "ताई, तुमीच या. यान्ला कापणं जमंना. ती फाईल हातची गेली ना, तर ह्ये घरातल्या माणसांवर ऑप्शन लावत बसतील."

मी आले ती आखीव वही आणि दोन पेनं घेऊन. परभणीच्या शाळेत मी मुख्य लिपिक आहे. दरवर्षी जुन्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे निकामी माल नोंदवहीतून कमी करण्याचं काम, माझ्याकडे असतं. तीन पायांचे बाक, पाणी न धरणारी बादली, मुलांनी बोट ठेवून ठेवून भारताच्या जागी भोक पाडलेला पृथ्वीगोल, हे सगळं मी पापणी न लवता कमी केलं आहे. मी वहीत रकाने पाडले : ऑप्शन, कोणत्या यंत्रासाठी, वापरतं कोण, ठेवायचा की काढायचा.

"हं, सांगा. पहिला कशासाठी?"

"विंडोजसाठी."

"दुसरा?"

"त्यो बी विंडोजसाठीच. पण जुन्या."

"तिसरा?"

"तो बंद हाय."

"मग काढू?"

"काढू नका! बंद हाय हे सांगायलाच तो लिहिलाय. न्हाई लिहिला तर ते आपल्या मनानं चालू व्हतंय."

"बरं. चौथ्यापुढे काहीच लिहिलेलं नाही."

"तिथं यंत्र सोताच तपासून घेतंय."

"मग सगळीकडेच यंत्राला तपासू द्या की. लिहायचं कशाला?"

"कधी कधी असं व्हतंय, की तयार करायचं एका यंत्रावर आणि चालवायचं दुसऱ्यावर. तपासणार कोणतं?"

मी 'चालू' खोडून 'बंद' लिहिलं, 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं, मग 'ठेवायचा की काढायचा' याच्या शेजारी 'परिस्थितीनुसार' असा नवा रकाना पाडला. माझ्या नोकरीत असा रकाना मी कधी पाडला नव्हता. जाऊबाई चहा घेऊन आल्या, वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "झालं! ताईबी बिघडल्या."

पण दुपारच्या जेवणापर्यंत काम पुढं सरकलं. सात संगणकांतले जे चालू होते त्यांवर एकेक ऑप्शन लावून बघितला. दोन ऑप्शन एकच काम करत होते, त्यांतला एक गेला. ज्या यंत्रांचे कारखानेच बंद पडले ती गेली. एकेक ओळ जाताना भाऊजी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जात, आणि मी "गेली" म्हटलं की परत येऊन बसत. सतरा ओळींचा निकाल लागला. अठराव्या ओळीशी गाडी अडली.

ती बिनघंटीच्या एका जुन्या यंत्रासाठी होती. 'वापरतं कोण' या रकान्यात भाऊजींनी सांगितलं, "एक माणूस."

"जगात?"

"जगात."

कुठल्याशा थंड देशात एक माणूस नदीच्या पाण्याची पातळी मोजणारं जुनं यंत्र सांभाळतो. भाऊजींनी त्याला पाहिलेलं नाही, त्याचा आवाजही ऐकलेला नाही. दरवर्षी पोळ्याच्या आगेमागे त्याची एका ओळीची मेल येते : 'अजून चालतं आहे. आभार.' ज्या दिवशी ती येते त्या दिवशी या घरात शिरा होतो. मला वाटायचं जाऊबाईंचा काही नेम असेल. यंदा पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. मेल आली नाही. भाऊजींनी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

"यंत्र बंद पडलं असंल," जाऊबाई म्हणाल्या. "न्हाईतर नवीन घेतलं असंल."

"घेतलं असतं तर कळवलं असतं त्यानं," भाऊजी म्हणाले. मग उठून खिडकीपाशी जात, "यंत्राची फिकर न्हाई मला."

मी पेन उघडलं होतं. वापरणारा नाही, मागणी नाही, नियमानं निर्लेखन. पेन तसंच राहिलं. का कोण जाणे, मला आमच्या कार्यालयातला नोव्हेंबर आठवला. निवृत्त शिक्षक हयातीचा दाखला भरून घ्यायला माझ्याकडे येतात. एखाद्याचा दाखला कोषागारात पोचला नाही, तर तिथं पेन्शन थांबवतात. माणूस गेला असं कुणी लिहीत नाही. तो काठी टेकत फेब्रुवारीत आला, तर तिथून पुढं चालू होतं.

तेच मी भाऊजींना सांगितलं. "काढू नका. बंद करून ठेवा. तो आला तर चालू करील."

भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "वैनी," ते म्हणाले, "वीस वर्षांत मला कुणी येवढं सरळ सांगितलं न्हाई." आणि लगेच, "पण चालू कसं करायचं हे त्याला ठाऊक कसं व्हणार?"

त्यासाठी फाईलमध्ये त्या ओळीच्या वर एक सूचना लिहायची, असं ठरलं. बाकीची फाईल संध्याकाळी पाठवली. नव्या मंडळींनी ती पसंत केली. भाऊजींचं नाव राहिलं, फाईलही त्यांच्याकडेच राहिली. फक्त सूचनेची जागा मोकळी आहे. हा ऑप्शन बंद आहे, अमुक शब्द लिहिले की चालू होईल, एवढंच तर लिहायचं. पण भाऊजींना ते पुरत नाही. त्यांनी लिहिलं आणि खोडलं, लिहिलं आणि खोडलं. दर रविवारी फोन येतो. "वैनी, तुमी अशा माणसाला काय लिहिता?"

सरकारी पत्रात लिहितात, 'आपला दाखला अप्राप्त आहे, तरी तो त्वरित सादर करावा.' हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, मी बघते. माझ्या वहीत दर सोमवारी नवी यादी होते, आणि मागच्या आठवड्याचं राहिलेलं काम तिच्यात पहिलं लिहायचं असा माझा नियम आहे. या आठवड्याच्या यादीतही पहिलं काम तेच आहे : त्या माणसाला एक ओळ, मराठीत माझी, तिचं इंग्रजी भाऊजी करणार. तिच्यापुढे मी दोन वेळा पेन टेकवलं. 'तुम्ही' म्हणावं की 'आपण', इथंच मी अडले आहे.