शेगडीसमोरची फरशी

कल्पना करा, तुमच्या हातात पहार आहे आणि दीडशे वर्षांची दगडी फरशी न फोडता उचलायची आहे. घाई चालत नाही. आधी कडेची माती खरवडायची, मग फटीत पाचर सारायची, आणि दगड आपणहून सैल होईपर्यंत थांबायचं.

आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेरच्या एका जुन्या घरात सुमेधा शनिवारी सकाळी हेच करत होती. सोमवारी कामगार येऊन सगळ्या जमिनीत गरम पाण्याचे पाइप टाकणार आणि वर काँक्रीट ओतणार होते. त्याआधी वास्तुशांत उरकून आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरायची होती. पुण्याहून मोरेश्वर गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. तिच्या फोनमधल्या होकायंत्राने शेगडीसमोरची जागा दाखवली होती.

फरशी उचलली. खाली पोकळी होती आणि पोकळीत एक लांबट कवटी.

"गुरुजी, इथे आधीच कोणीतरी आहे."

"कोण?"

"घोडा."

पुण्यात गुरुजींनी चष्मा सारखा केला. मग, "अहो, दिशा परत तपासा बघू!"

सुमेधाचा नवरा इंद्रनील याने तिचा फोन लोखंडी शेगडीवरून उचलला, तशी सुई गर्रकन फिरली. आग्नेय खिडकीपाशी होती.

"ऑफिसात दिवसभर सेन्सर टेस्ट करतेस, आणि होकायंत्र लोखंडावर?"

"तू गप रे."

पूजेला आलेली शेजारीण ब्रायडी, वय शहाऐंशी, खुर्चीत हसत होती. "हा नाचाचा घोडा," ती म्हणाली. तिच्या लहानपणी रविवारी सगळं गाव इथे नाचायला यायचं. पावलं घुमावीत म्हणून दगडाखाली कवटी ठेवलेली. पुढे इथे दवाखाना आला, दगडावर सतरंजी पडली. मग स्वेटर विणायची यंत्रं आली, सतरंजीवर लिनोलियमचं आच्छादन. मग वीस वर्षं कुलूप. दर वेळी जमीन थोडी मुकी होत गेली.

सोमवारी ती कायमची मुकी होणार होती.

सुमेधाने कवटीवरची धूळ पुसली, ती होती तशी ठेवली आणि फरशी परत बसवली. ब्रायडी उठली. सुमेधाच्या खांद्यावर हात ठेवून तिने दगडावर दोन पावलं टाकली. टक, टकटक. आवाज खालून आला, जणू कोणी दूरच्या रस्त्याने दुडक्या चालीत घरी परतत होतं. तिसऱ्या पावलाला ब्रायडीने डोळे मिटले.

सुमेधाने कंत्राटदाराला फोन लावला. "शेगडीसमोरची एक फरशी सोडा."

"तेवढीच जागा बर्फासारखी राहील, सांगून ठेवतो."

"राहू दे."

प्रतिमा खिडकीपाशी पुरली गेली. शेवटी आशीर्वादासाठी गुरुजींनी विचारलं, "घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं सांगा."

"इंद्रनील, सुमेधा, आमची लेक पूर्वी..." म्हणता म्हणता ती थांबली आणि शेगडीसमोरच्या फरशीकडे बघून ब्रायडीकडे वळली. ब्रायडीने नकारार्थी मान हलवली; घोड्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

इतकी वर्षं इतक्या लोकांना नाचवलं त्याने. काय बरं हाक मारत असतील त्याला?