फिटची गोळी आणि तिच्या नावाचं गाऱ्हाणं

"रात्री काही होत नाही, असंच ना?" डॉक्टर एवढ्या मोठ्याने बोलले की पडद्याबाहेरचं बाकडं हसलं.

लग्नाला वर्ष झालं होतं, फिटच्या गोळीला सहा महिने. फिट थांबल्या होत्या. पण बायकोजवळ जायची इच्छाच मेली होती, आणि गेलो तरी अंग साथ देत नव्हतं. हे सांगायला कसालच्या काजू कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. अर्धं मालवणी, अर्धं साहेबांसमोर बोलायचं मराठी, असं काहीतरी पुटपुटलो. डॉक्टरांनी ते एका वाक्यात साऱ्यांना ऐकवलं.

"होतं या गोळ्यांनी काही जणांना," ते म्हणाले. "मग काय, फिट येऊन मरायचंय? बायकोला भजनाला पाठवा. चला, पुढचा पेशंट."

कंपाउंडर तोंडावर फाईल धरून हसत होता. मी "थँक्यू डॉक्टर" म्हणालो. आईशपथ, थँक्यू म्हणालो. मार खाऊन वर पाया पडण्याची सवय आमच्यासारख्यांच्या अंगातच असते.

त्या माणसाचा राग आजही येतो. पण त्याहून मोठं काहीतरी मला खातं. कारण त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. गोळीमुळे होतंय, माझ्या अंगात होतंय, बायकोत काही खोट नाही, हे डॉक्टरच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि मी ते तीन वर्षं पोटात ठेवलं.

सुजाताला, माझ्या बायकोला, तेवढं सांगितलं. दुसऱ्या कोणालाच नाही. ती म्हणाली, "आसूं दे. तुमी बरे रवा." तिने विषय तिथेच संपवला आणि मी सुटलो. घरात मूल का नाही, हा प्रश्न मग तिलाच विचारला जाऊ लागला. शेजारच्या डोहाळजेवणात ओटी भरायला उठली, तर तिथल्या बायका तिला हळूच म्हणाल्या, "तू बस गो, दुसरी भरतली." ती परत येऊन भांडी घासत बसली. मी पडवीत मोबाईल बघत होतो. खोटं कशाला सांगू, मोबाईलवर काहीच बघत नव्हतो.

एकदा मी कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. म्हटलं, बघू, पुरुष होता येतं का. बाराव्या दिवशी विहिरीच्या काठावर फिट आली. सुजाताने शर्टाला धरून मला मागे ओढलं. तिचं कोपर दगडावर सोललं, हातातल्या बांगड्या फुटल्या. शुद्धीवर आलो तेव्हा आई तिच्यावर ओरडत होती, "गोळये देवक इसारलंस काय गो?" सुजाता माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले. शुद्ध होती मला, पूर्ण शुद्ध होती. मी सोंग केलं.

मग आबांनी ठरवलं, देवाला गाऱ्हाणं घालायचं. आबा म्हणजे माझे थोरले काका. मसुऱ्याजवळच्या आमच्या गावातले मानकरी. त्यांचा शब्द घरात कोणी खाली पडू देत नाही. गाऱ्हाणं म्हणजे गावासमोर देवाला मोठ्याने केलेली विनवणी. एकाने मागायचं, बाकीच्यांनी दुजोरा द्यायचा. नारळ ठेवला. आम्ही दोघं हात जोडून उभे. आबांचा आवाज घुमला.

"बा देवा म्हाराजा, ह्येच्या बायलेच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल. तिची कूस उजव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. तोंडातून गेलं, असं नाही. मी म्हणालो. ती शेजारी उभी होती. तिची चूक, असं देवासमोर, गावासमोर मीच ठरवलं.

घरी येताना ती एवढंच बोलली, "तुमी पण व्हय म्हटलात."

दुपारी जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "वरसभर बघूया. नाय झाला तर दुसरी बघूक होयी. घराक वारस होयो." सुजाता तिथेच ताटं उचलत होती. तिचे हात थांबले नाहीत. तेच मला सहन झालं नाही.

"आबानु, तिका कायच नाय. माझ्याकडसूनच होणा नाय. फिटच्या गोळयांनी. माका तीन वर्सां म्हायत आसा."

"तोंड बंद कर. घराची लाज काढतस?"

"तिची काढतास ता चलता?"

आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा उलट बोललो. आई रडायला लागली. सुजाता मात्र रडली नाही. बॅग भरून म्हणाली, "मिठबावाक जावया. माझ्या बापाशीक सांगा."

मिठबावला तिच्या माहेरी सासरे अंगणात नारळ सोलत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी लेकीला विचारलं, "चेडवा, माका कित्याक सांगूक नाय?"

"ह्येंचा नाव गेला असता," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. आणि बरोबर केलं.

निघताना सुजाता दारात आली. "मी हयच रवतंय. ज्यांच्यासमोर माका नाव ठेवलात, त्यांका सगळ्यांका सांगा. मगे बघूया."

तेव्हापासून सांगत फिरतोय. काही घरांत हसतात, काही जण चहा देता देता विषय बदलतात. आबा माझ्याशी बोलत नाहीत. गोळी चुकवत नाही. आता दुसऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी दार लावून ऐकून घेतलं, रक्त तपासलं, हळूहळू गोळी बदलतायत. फरक पडेलच असं त्या म्हणत नाहीत.

सुजाता परत येईल की नाही, तेही माहीत नाही. नाही आली तरी मी थांबणार नाही. गाव जमेल तेव्हा देवळात उभा राहीन आणि आबांएवढ्याच मोठ्या आवाजात सांगेन. दोष तिचा नव्हता. मला माहीत होतं. मी गप्प बसलो.