घाम थांबला तेव्हा

आदिलाबादकडच्या तलमडुगुच्या बाजूला आमचं गाव. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी पोरांना कबड्डी शिकवायचो. स्पर्धा वजनगटाच्या. वजनाच्या आदल्या दिवशी माझी एक पद्धत ठरलेली असे: पाणी बंद, फवारणीला घालतात तो प्लास्टिकचा रेनकोट अंगात, आणि भर उन्हात धावणं. एका दुपारात वजन उतरायचं. कधी कुणाला काही झालं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता.

गेल्या मे महिन्यात माझे दोन जुने खेळाडू दारात आले. एका कारखान्याने दोघांना खेळाडूंच्या जागांवर सुरक्षारक्षक म्हणून घेतलं होतं. फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती.

"सर, लघवीत गांजा पाहतेत मने," दोघांतला चढाई करणारा म्हणाला. "जत्रेत ओढला होता जी." त्याचं भरतीचं वय सरत आलं होतं. ही नोकरी गेली तर पुन्हा संधी नव्हती.

"भेता काऊन? वजनासारखं उतरवून टाकू," मी म्हणालो.

त्याचा मित्र हसला. "याले घोड्यावानी घाम येते, सर. सारं निघून जाईन."

रेनकोट मीच दिले. मैदानावर माणूस नव्हता, पाखरूही नव्हतं. लिंबाखाली बसून मी फेऱ्या बघत होतो. मित्र थांबला, धापा टाकत म्हणाला, "सर, याले पानी द्या. डोळे कसे करून राह्यला पाहा." मी नको म्हणालो. थोड्या वेळाने त्याने परत मागितलं. मी परत नको म्हणालो.

मग चढाईवाल्याचा घाम थांबला. चेहरा कोरडा, लालभडक. मला वाटलं, आता सगळं निघालं.

तो मैदानाच्या मधोमध गेला, वाकला आणि रिकाम्या जागेकडे हात फेकत "कबड्डी, कबड्डी" म्हणू लागला. समोर कोणी नव्हतं. दम तुटला तरी ओठ हलत राहिले. मग तो पडला.

दवाखान्यात त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळी आली. घामाने गांजा जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. किडन्या गेल्या होत्या. काय करत होता, असं त्यांनी विचारलं. "सराव," मी म्हणालो. मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आता त्याला डायलिसिससाठी आदिलाबादला न्यावं लागतं. मित्रानेच त्याला नशा लावली, त्यानेच उन्हात पळवलं, असं गाव म्हणतं. शेवटी मित्र गाव सोडून गेला. असं बोलणाऱ्या कुणाला मी एकदाही अडवलं नाही.

चढाईवाल्याची आई मला बघितलं की चहा ठेवते. "सर, तुमी होते म्हनून पोरगं हाती लागलं." तो चहा मी प्यायलो आहे.

रेनकोट माझे होते. पाणी मी बंद केलं. मित्राने दोनदा मागितलं होतं. हे सगळं मी त्याच्या आईसाठी लिहिलं आहे; तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर बसून मलाच वाचावं लागेल. मुलगा आत खाटेवर असेल, त्यालाही ऐकू जाईल.