पायताणाचा छाप

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता लपवून कोणाला वाचवू?

बायकोच्या दातात फाटकं पायताण होतं. बीडमधल्या एका देशमुखाच्या बैठकीत, पाहुण्यांसमोर. मी शेजारी उभा. मान खाली.

निजामाचं राज्य होतं. आम्ही चांभार. जोडे शिवून वेळ उरला की दोघं कापडावर चित्रं छापायचो. ती उकिरड्यावरून पायताणांचे झिजलेले तळ, पत्र्याचे तुकडे, तुटक्या साखळ्या वेचून आणायची. फळीवर मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. गंजके नाल गुळाच्या पाण्यात कुजवून काळा रंग करायचा. तो फासून वर कापड दाबायचं, एवढंच काम माझं. गोल मांडलेल्या तळांचं फूल उमटायचं.

देशमुखानं घरच्या लग्नासाठी पडदा करवून घेतला. टांगला तेव्हा खूश झाला.

"लई झ्याक! कोणाची करामत ही?"

"माझीच, सरकार."

बायको दाराबाहेर होती. तिनं ऐकलं.

तेवढ्यात एक पाहुणा जवळ जाऊन बघायला लागला. "देशमुख, ह्या फुलाला तर टाच हाय! पायताण टांगलं की तुमी डोक्यावर!"

बैठक खदखदली. देशमुख माझ्यावर धावला.

"काहून रं? चांभाराचं पायताण आमच्या घरात?"

"म्या निस्तं दाबलं, सरकार. मांडलं हिनं."

खरंच बोललो. पण वाहवा होताना हेच खरं गिळलं होतं.

तिला आत बोलावलं. पायताण दातात धरायला लावलं. तिनं धरलं. रडली नाही.

पुढं देशमुखाचा माणूस आला. "लाकडी ठशाचा दुसरा पडदा कर."

"आमी पायताणानंच छापतो. जा, सांग त्यांला."

त्यांनी माझं दुकान उधळलं. मला बडवलं. तरी छापलं नाही. घरी आलो तो छाती काढून. बायको चुलीपाशी होती.

"त्यांला न्हाई म्हनलात. मला काय म्हनता?"

मी भाकर मागितली.

म्हातारपणी ती वारली. लोक अजून ते पडदे माझे म्हणून बघायला येतात. बास झालं. तिचं नाव गोदा. उरलेल्या प्रत्येक कापडावर मी तेच घालणार. चांभारणीचं नाव ज्याला खुपतं, त्यानं कापडाला हात लावू नये.

एवढं करीन. पण माझं चुकलं, हे ती चुलीपाशी वाट बघत होती तेव्हा म्हणालो नाही. त्यानंतर तिच्यासोबत म्हातारा झालो. तरी म्हणालो नाही.