निम्मी वार नवऱ्याची

माझ्या नवऱ्याच्या मावशीइतका पायांवरून माणूस ओळखणारा प्राणी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. नाटे गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून जन्म गेला, नोकरी संपली, पण गरोदर बाई दिसली की खाली बसून तिची नडगी अंगठ्याने दाबायची खोड काही गेली नाही. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी त्या अशाच एका गरोदर पाहुणीपुढे वाकल्या, तर तिची सासू ओरडली, "अहो, मोठ्या तुम्ही, पाया कसल्या पडता!" मावशी खालूनच म्हणाल्या, "पाया पडत नाहीय. हिची लघवी तपासलीत का?" पुढची मंगलाष्टकं भटजींनी जरा घाईनेच उरकली.

माझ्या नडगीची पाळी आली आठव्या महिन्यात. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. सासूबाई म्हणाल्या, "पित्त आहे. लोणचं कमी खा म्हणून सांगत होते." नेमक्या त्या दुपारी मावशी मालगुंडला आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. त्यांनी नडगी दाबली. खड्डा पडला तो भरेचना. मग पिशवीतून बीपीचं यंत्र निघालं.

"एकशेसाठ-एकशेदहा! ताई, लोणच्याला कशाला शिव्या देतेस? गाडी काढ मेल्या!" हे शेवटचं माझ्या नवऱ्याला.

रत्नागिरीच्या वाटेवर मी डोळे मिटून पडले होते आणि मावशींचा तास चालू होता. "बाळाला पोसणारी वार म्हणजे आंब्याच्या कलमासारखी गो. मुळं खोल गेली तर आईच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त भरपूर मिळतं. इथे कातळ लागल्यासारखी मुळं वरच राहिली. मग ती उपाशी वार काहीबाही आईच्या रक्तात सोडते, अंगभर नसा आवळतात, बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात."

"पण हिलाच का?" सासूबाईंनी विचारलं.

"ते पुरतं अजून कुणालाच उमगलेलं नाही. पण वार काही एकट्या हिची नव्हे, ताई. बाळासारखीच निम्मी तुझ्या लेकाची."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. "तू गाडी हाक," मावशी म्हणाल्या. सासूबाईंनी माझे सुजलेले पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले.

दवाखान्यात झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत डोकावून मावशी म्हणाल्या, "नाट्याला याहून मोठी सुरमई मिळते!" आणि रोज दोन एसट्या बदलून तिला बघायला येत राहिल्या.

आम्ही घरी आल्यावर एकदा मी सहज विचारलं, "मावशी, हे सगळं तुम्ही नोकरीत शिकलात?"

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तेव्हा माझी नणंद गरोदर होती. तिला झटके आले. आम्हांला वाटलं, अंगात आलं. सगळ्यांनी तिची ओटी भरली. मी स्वतः कुंकू लावलं गो तिला. ती वाचली नाही. नर्सिंगला मी त्यानंतर गेले."

आणि मांडीवरच्या बाळाचं टोपडं त्या कितीतरी वेळ सारखं करत राहिल्या. ते सरकलेलं नव्हतंच.