दोन्ही बाह्या डाव्या

महादेवीअक्का स्वतःच्या हातून बिघडलेली ब्लाउजं स्वतः वापरायच्या. गिऱ्हाइकाचं कापड चुकलं, तर त्याला तसंच दुसरं आणून द्यायच्या आणि चुकलेलं उसवून, जोडून आपल्या अंगाला बसवून घ्यायच्या. एक बाही लांब, एक आखूड अशा ब्लाउजात त्या तामलवाडीच्या बाजारात खुशाल मेथी निवडत उभ्या असायच्या. कुणी हसलं, तर बाही पुढं करून सांगायच्या, "चुकलं माझं. होगली बिडु." त्यांच्या घरात कानडी बोलत. होगली बिडु म्हणजे जाऊ दे, सोड.

मी तेर गावची. लग्न होऊन तामलवाडीला आले आणि वर्षभरानं अक्कांच्या दुकानात शिवण शिकायला जाऊ लागले. मला माणसांच्या तोंडाची फार भीती वाटायची. ताटावर बसलेल्याचा पहिला घास गिळून होईपर्यंत मी श्वास धरून उभी राहायची. माहेरी दारातली रांगोळीसुद्धा कुणी उठायच्या आत काढायची आणि मनासारखी झाली नाही, की पुसून टाकायची.

हायवेच्या कडेला पत्र्याची एक खोली, दोन मशिनी, एक लाकडी टेबल, एवढंच दुकान. तिथं आठ महिने मी हूक लावले, काजं केली, हातशिलाई केली. कात्रीला हात लावला नाही. शिवलेलं उसवता येतं. कापलेलं कापड कुठून जोडणार?

मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मात्र मी बाह्या काढत असे. पानांच्या, वेलींच्या, झालरीच्या. एक दिवस ती पानं अक्कांच्या हाती लागली.

"हे कोनी काढलं?"

"बहिणीनं," मी खोटं बोलले.

अक्कांनी वही मिटली. "बहिणीला सांग, बाही झ्याक हाय. पर कागदाची बाही कोन घालतंय?"

त्यानंतर आठवड्यानं किराणा दुकानवाल्या विमलताईंनी लेकीच्या लग्नाचं ब्लाउज शिवायला टाकलं. शालूचंच कापड, तेवढाच तुकडा. अक्कांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"अक्का, हे नको. जुन्या कापडावर करते आधी."

"जुन्यावर तू आठ महिने करायलीस."

"मला भेव वाटतंय."

"वाटू दे की. मला न्हाय वाटत व्हय? रोज सकाळी पहिलं कापड कापताना माझ्या पोटात गोळा येतो. भेव जायची वाट बघत बसले असते, तर म्या अन् माझी लेक शारदा उपाशी मेलो असतो. भ्यायचं, अन् कापायचं."

मी कापलं. पाठ कापली, पुढचे भाग कापले, बाह्या कापल्या. मग बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा दिसलं. कापड न उलटता मी बाहीच्या मापाचा तोच कागद दोनदा ठेवला होता. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या होत्या. मी त्या घाईनं चिंध्यांखाली सारल्या, पण अक्कांनी पाहिलं होतं.

"विमल चारला येनार हाय. तूच सांग तिला."

"अक्का, तुमच्या पाया पडते. तुम्ही सांगा."

"म्या हितंच बसते तुझ्याजवळ. पर सांगायचं तू."

चार वाजेपर्यंत मी तीनदा पाणी प्यायले. विमलताई पूजाला, त्यांच्या लेकीला, घेऊनच आल्या. मी म्हणाले, "ताई, बाह्या चुकल्या. मी दोन्ही डाव्या कापल्या."

"डाव्या? माझ्या पोरीला दोन डावे हात हायत व्हय गं? शालूतलं कापड हाय ते, दुसरं कुठून आणू म्या? ह्यापरीस सोलापूरला टाकलं असतं!"

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघू लागली. माझ्या कानांत नुसता आवाज घुमत होता. अक्का स्टुलावर बसून होत्या. बोलली ती पूजा. "मग आता काय करायचं, वहिनी?"

तिनं टोमणा न मारता खरंच विचारलं होतं. मी मापाची वही उघडून मागचं पान तिच्यापुढं धरलं.

"हे मी काढलंय," मी म्हणाले. "एका बाहीचा खांद्याकडचा मुंढा उजव्या हाताला बसंल असा पुन्हा कापला, की बाही अरुंद होईल. मधोमध हिरव्या कापडाची अशी पानं जोडली, तर भरून निघंल. दोन्ही हातांना सारखीच करीन."

"बिघडलं तर बघ," विमलताई म्हणाल्या. पूजा मात्र पानावरून बोट फिरवत होती. "करा, वहिनी."

लग्नाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून मी घरीच पडून होते. अक्का आल्या आणि मनगटाला धरून मला मांडवात घेऊन गेल्या. जेवणाच्या पंगतीत एका बाईनं पूजाची बाही चिमटीत धरली. "हे ठिगळ कशाला गं लावलंय?"

"डिझाइन हाय ते," पूजा म्हणाली.

विमलताईंनी माझ्याकडं पाहून तोंड फिरवलं. त्या पुन्हा कधी आमच्या दुकानात आल्या नाहीत. परतताना अक्कांनी विचारलं, "मेलीस का?"

"न्हाय."

"मग उद्या दुकान उघड."

पंधरा दिवसांनी एक कॉलेजातली मुलगी कापड घेऊन आली. तिला पूजासारखी बाही हवी होती. अक्कांनी कात्री माझ्याकडं सरकवली आणि चहा प्यायला निघून गेल्या.

पुढं सहा वर्षं आम्ही दोघींनी दुकान चालवलं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी छातीत कळ आली आणि अक्का गेल्या. अक्कलकोटहून शारदा आली. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला नवी वस्त्रं नेसवून, बसवून पुरतात. शारदेनं इरकल साडी आणली होती. त्यातला तुकडा तिनं माझ्या हातात दिला. "आईचं ब्लाउज तुम्हीच शिवा. दुसऱ्या कुणाचं नको."

अक्का स्वतःचं ब्लाउज अंदाजानंच शिवायच्या. वहीत त्यांचं माप कधी लिहिलंच नव्हतं. मी टेप घेऊन त्यांच्याजवळ बसले. दंड गार पडला होता. आकडा दिसत होता, पण वाचता येत नव्हता.

"बाही कशी करू?" मी शारदेला विचारलं.

"तुम्हाला वाटंल तशी."

तासाभराचा वेळ होता. मी काठाचे बारीक त्रिकोण कापले आणि बाहीच्या कडेला एकाआड एक बसवले. असं मी आधी कधी केलं नव्हतं. ब्लाउज घेऊन आत गेले, तर भावकीतल्या एका म्हातारीनं ते हातात घेऊन निरखलं.

"मेलेल्या बाईला कसली गं ही नक्षी? लोक काय म्हनतील?"

खोली बायकांनी भरलेली होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"मला करावीशी वाटली, मावशी," मी म्हणाले आणि ब्लाउज त्यांच्या हातून परत घेतलं.

शारदेनं अक्कांना खांद्यांना धरून उचललं. मी बाह्या चढवल्या आणि एकेक हूक लावत गेले.