आधी त्याला सांगितलं

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अंबरनाथच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या कारखान्यात मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी कॅन्टीनवाल्याशी भांडले, वॉचमनशी भांडले, रिक्षावाल्यांची तर गणतीच नाही. फक्त आमच्या सुपरवायझरशी कधी भांडले नाही. तो आमच्या मंडळीतला. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आमचं लहानसं चर्च आहे, तिथे तो पंच, रविवारी शास्त्रवाचन त्याचं. मला या नोकरीला लावलं तेही त्यानेच. कारखान्यात आम्ही दोघंच ख्रिस्ती. सकाळी समोर आला की हळूच आमच्या मंडळीतल्यासारखं "सलाम, ताई" म्हणायचा, आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

माझ्या शेजारी बदलापूरच्या पुढच्या एका गावातली सून कामाला उभी राहायची. पंचविशीची, ठेकेदारामार्फत नवीनच लागलेली. तिला दिवस गेले होते. आमच्याकडे पोटुशी बाईला कुणी काढून टाकत नाही, कायदा आडवा येतो. तिला फक्त अशा जागी उभं करतात की ती आपणहून काम सोडल्याचा कागद लिहून देते. हिला पाचव्या महिन्यात मशीनचे पार्ट धुवायच्या खोलीत टाकलं. तिथल्या केमिकलचा वास धडधाकट बायकांच्या डोक्यात जातो. ही उलटी करून यायची, पदराने तोंड पुसायची आणि परत आत जायची. बसायला स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणाला, "झेपत नसेल तर घरी बस ना, बाई. तुला कुणी जबरदस्ती केलीय?" आणि आवाज असा गोड, अगदी रविवारच्या वाचनासारखा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघींनी अर्ज केला. अक्षर माझं बरं, म्हणून मीच लिहिला. पहिल्याच ओळीत तिचं नाव घातलं, मग कधीपासून त्या खोलीत, दिवसातून किती उलट्या, सगळं. ती तेव्हा आत पार्ट धूत होती. खाली आमच्या चौघींच्या सह्या. पुढच्या गुरुवारी मोठे साहेब येणार होते, थेट त्यांच्या हातात द्यायचं ठरलं. लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, तिला आम्ही मावशी म्हणतो, ती म्हणाली, "तोवर कुणाला वास लागू द्यायचा नाय हां. त्याला तर अजिबात नाय."

"मावशी, मी काय वेडी आहे का?" मी म्हटलं.

होते. वेडीच होते.

आमच्यात लहानपणापासून शिकवलेली एक रीत आहे. मंडळीतल्या माणसाचं चुकलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगायचं. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जायचं. तरीही नाही, तर मग मंडळीपुढे. शनिवारभर तो अर्ज माझ्या पर्समध्ये आणि मला चैन पडेना. आपल्याच माणसाची तक्रार पाठीमागून करायची? देवाला काय तोंड दाखवू? मावशीला आमची रीत कुठे ठाऊक, असंही मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. तो आपला आहे, माझं ऐकेल.

रविवारी उपासना सुटल्यावर मी त्याला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि अर्ज हातात दिला. त्याने शांतपणे वाचला. सह्यांवरून त्याची नजर दोनदा फिरली, ते मी पाहिलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, बरं केलंस आधी माझ्याकडे आलीस. चुकलंच माझं. दोन दिवस दे मला." तिथेच उभ्याने आम्ही प्रार्थना केली. मी घरी येऊन मटणाचं वाटण वाटलं, इतकी खुशीत होते.

मंगळवारी ती कामावर नव्हती.

मावशीने सांगितलं ते असं. सोमवारी काम सुटल्यावर ठेकेदाराने तिला गेटबाहेर अडवलं. तुझ्या नावाने कारखान्याची बदनामी चाललीय म्हणाला. तिचा दीर त्याच ठेकेदाराकडे लोडिंगला. त्यालाही उद्यापासून घरी बसवतो म्हटल्यावर तिने लिहून दिलं, घरगुती कारणास्तव काम सोडत आहे. मावशीची पाळी बदलली, बाकीच्या दोघींना दोन टोकांच्या खात्यात टाकलं. मला कुणी हात लावला नाही. मी आपली होते ना!

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या मीच नेऊन दिल्या होत्या. गुरुवारी मी एकटीच मोठ्या साहेबांसमोर उभी राहिले. मावशीला चल म्हटलं, तर तिने मान वर केली नाही. साहेबांनी त्या पोरीने लिहून दिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "त्या स्वतःहून गेल्यात. मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

राहिली मंडळी. पुढच्या रविवारी साक्ष द्यायच्या वेळी मी उठले आणि सगळं सांगितलं, त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं. आवाज चढला माझा, चढू दे. पाळकसाहेब "ताई, ताई" करत राहिले. मग तो उठला. रागावला नाही, काही नाही. म्हणाला, "आपल्या ताईच्या मनात फार कडवटपणा आलाय. तिच्यासाठी प्रार्थना करू या." आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्यासाठी! माझ्या शेजारच्या बाईने तर माझा हात धरला. तो झटकून मी बाहेर पडले.

तिथून तडक त्या पोरीच्या गावी गेले. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. चेहरा उतरलेला, पोट आता चांगलं दिसत होतं. मी धाप लागेपर्यंत बोलले. त्याला कसं सांगितलं, साहेबांपुढे कशी उभी राहिले, भर चर्चमध्ये कशी बोलले. लाज वाटते लिहायला, पण मी शाबासकीची वाट बघत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझे तीन आठवडे उरले होते," ती म्हणाली. "तेवढे भरले असते तर बाळंतपणाची पगारी रजा लागू झाली असती. दिवस मोजत होते मी. म्हणून तर उलट्या गिळून गप होते."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने बोलू दिलं नाही.

"अर्ज लिहिलात. त्याला दाखवलात. साहेबाला सांगितलंत, तुमच्या चर्चात सांगितलंत. मला एकदा तरी इचारलंत का?"

"नाही," मी म्हटलं.